एफ्राइनच्या नावाचा पाव

ओरोपेसा, ११ जुलै १९९६

एफ्राइन,

मी पाव खाल्ला. तुझ्या नावाचा.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की चुलीत घालायचं ते तुला ठरवता येईल. पाच वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही लिहिली नाहीस. आता एकदम 'कसा आहेस' म्हणून सुरुवात करायला मला लाज वाटते.

झालं असं. यंदा चर्चमधल्या मातेच्या सणाचे मानकरी तायता फेर्मिन आहेत. परवा ते आणि त्यांची बायको, सेन्योरा हर्मेलिंदा, हुर्का घेऊन गावात निघाले. मागे वाजंत्री, पुढे पावांची टोपली. पाव माझ्याच भट्टीचे. साठ पाव, बडीशेप घातलेले, वर वेणीची नक्षी. मीच मळले, मीच भाजले, आणि त्यातलाच एक फिरून माझ्याच दारात येईल हे काही माझ्या टाळक्यात आलं नाही.

हुर्का म्हणजे काय ते तुला सांगायला नको. पण तू इतकी वर्षं खालच्या मुलखाचं पाणी पितोयस, विसरला असशील, म्हणून सांगते. मानकरी पाव पुढे करतात आणि काय हवं ते सांगतात. कुणाकडून फटाके, कुणाकडून वाजंत्र्यांचं जेवण, कुणाकडून पालखीला खांदा. जमणार नसेल तर पावाला हात न लावता नको म्हणायचं, कुणी रागावत नाही. पण तुकडा मोडून तोंडात घातला की शब्द दिला. मग तो मोडता येत नाही.

आपल्या दारात त्यांनी बाबांच्या जागेवरचा खांदा मागितला. पालखीचा डावा दांडा, पुढून दुसरी. बाबांनंतर तू तिथे उभा राहायचास. तू गेल्यापासून ती मेल्चोरच्या घरचे सांभाळतात, 'तात्पुरती'.

हर्मेलिंदा काय म्हणाली माहीत आहे? "सातुर्निना, तुला अवघड होत असेल तर राहू दे गं. तो काही आता गावचा राहिला नाही. आम्ही मेल्चोरच्या मुलाला ती जागा कायमची देऊन टाकतो. आपल्याच गोलात बॉल घालणाऱ्याच्या खांद्यावर माता बसणार नाही, असं लोक म्हणतात हो. मी नाही म्हणत."

आता तू सांग, मी काय करायला हवं होतं? शहाण्या बाईने हात जोडले असते. मी टोपलीतला पाव उचलला, मोडला, एवढा मोठा घास तोंडात कोंबला आणि भरल्या तोंडाने म्हणाले, "येईल तो." उचलली जीभ लावली टाळ्याला. वाजंत्र्यांनी लगेच वाजवायला सुरुवात केली.

८ सप्टेंबरला सण आहे. रविवार येतो. तू आला नाहीस तर ती जागा गेली, आणि तिच्याबरोबर आपलं तुपायाचींचं नाव. बाबांचंसुद्धा.

राहिली ती मॅच. त्या दिवशी मी मैदानावर नव्हते, इथे भट्टीवर होते, रेडिओवर ऐकलं, हे तुला ठाऊकच आहे. संध्याकाळी तू घरी आलास तेव्हा दारात गाव जमलं होतं. त्यांच्यासमोर मी तुला जे विचारलं ते विचारलं. पाच वर्षं झाली. आता सोडून दे.

आईने विणलेल्या कापडात चार पाव बांधून बसच्या पार्सलने क्लबच्या पत्त्यावर पाठवतेय. चार दिवस टिकतील. लिमाचा पाव तुला कसा चालतो देव जाणे, कापूस नुसता.

सातुर्निना

*

ओरोपेसा, २९ जुलै १९९६

एफ्राइन,

कापड परत आलं. धुतलेलं, घडी घातलेलं. आणि रिकामं.

आपल्यात रिकामं कापड परत देतात का रे? शेजारणीची वाटी परत करताना आई त्यात निदान दोन बटाटे घालायची. काहीच नसलं तर मूठभर मका. तू पाव पोचल्याची एक ओळ टाकली असतीस तरी चाललं असतं. मी कापड उलटंपालटं केलं, झटकलं, दाराशी उजेडात नेऊन पाहिलं. वेडी म्हण मला.

पण पार्सल पोचलं, म्हणजे तू पत्र वाचलंस. मग कशाचा राग आला तेवढं सांग. पाव खाल्ल्याचा? की दुसऱ्या कशाचा?

काल राष्ट्रदिन होता. शाळेतल्या पोरांनी बँड वाजवला, पिठाची गोणी उतरवताना मी तो ऐकला. हर्मेलिंदा वाटेत भेटली. "काय, आलं का उत्तर?" मी म्हटलं, "तो खेळाडू माणूस आहे, पत्रं लिहायला बसला तर पुढचे फॉरवर्ड थांबतात का?" ती हसली. खोटं मी बरं बोलते, तू लहानपणापासून म्हणायचास.

तुला वाटत असेल, हिला माझं काय माहीत. सगळं माहीत आहे. टोपल्यांत घालायला मी कुस्कोहून रद्दी आणते. रद्दीत खेळाची पानं असतात. पाव भरायच्या आधी मी ती चाळते. तू ताक्नाला गेलास, तिथून इकितोसला, तिथे मलेरियाने सहा आठवडे झोपलास. मग काल्याओ, आणि आता लिमा. सगळं मला महिनाभर उशिरा कळायचं, पण कळायचं. एकदा देशाच्या संघात तुझं नाव निघालं होतं. लाल पट्ट्याची जर्सी घालून तू शेवटच्या खुर्चीत बसला होतास, फोटोत अर्धा कापलेला. उतरवलं नाही त्यांनी. ते पान मी टोपलीत घातलं नाही.

एका पत्रकाराने तुला 'मारान' म्हटलं होतं, आपल्या स्वयंपाकघरातला वाटायचा दगड. हा माणूस हलत नाही, समोरचा येऊन वाटला जातो, असं त्याने लिहिलं होतं. मला हसू आलं आणि बाबांची आठवण झाली. ते असते तर गावभर ते पान घेऊन फिरले असते.

गुडघ्याचंही वाचलं. उजवा ना? खरं आहे का?

लिही. निदान 'येत नाही' एवढं तरी.

सातुर्निना

*

ओरोपेसा, १४ ऑगस्ट १९९६

एफ्राइन,

आज रद्दीत नव्हे, ताज्या पेपरात वाचलं. बेनितो, आपले पाव कुस्कोच्या बाजारात पोचवतो तो ट्रकवाला, धावतच पेपर घेऊन आला. "सातुर्निना, तुझा भाऊ येतोय!"

८ सप्टेंबर. दुपारी बारा. कुस्कोत. तुझा क्लब आणि आपला क्लब.

मी पेपर हातात घेऊन लाकडांच्या ढिगावर बसले. सगळी वर्षं सोडून, सगळे रविवार सोडून, नेमका हाच. तू त्या दिवशी इथून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर असशील. मॅच दोनला संपेल. पालखी चारला निघते. देवाने एवढं जुळवून आणलं असेल तर माणसाने थोडं चालावं की नाही?

मग लगेच लक्षात आलं. म्हणजे आता 'लांब आहे, जमलं नाही' हे कारणही गेलं. इतक्या जवळ येऊन तू आला नाहीस तर गाव काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतंय.

गावाचं दुसरंच चाललंय. पोरं दोन बस ठरवून मॅचला जाणार आहेत. तू बॉलला पाय लावलास की शिट्ट्या मारायच्या, असं ठरलंय. शिट्ट्या विकत घेतल्यात, मातीच्या. 'विकलेला एफ्राइन' अशी चादर रंगवलीय कुणीतरी. ती चादर आपल्याच काकूची आहे, मी ओळखली. हे मी तुला कळवायला नको होतं का? पण तिथे अचानक पाहण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

तायता फेर्मिन मात्र चांगले माणूस आहेत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, अजून वेळ आहे. सांगून टाक की चूक झाली. मी हर्मेलिंदाला समजावतो." मी म्हटलं, "तायता, खाल्ल्या पावाला जागायचं असतं, तुम्हीच शिकवलंत." त्यांनी मान हलवली आणि गेले.

आजकाल पीठ वर येत नाही. थंडी आहे, पण थंडी दरवर्षी असते. काठवटीत हात घालते आणि मध्येच थांबते. काय करत होते तेच आठवत नाही.

स.

*

ओरोपेसा, १ सप्टेंबर १९९६

एफ्राइन,

सात दिवस राहिले.

मागच्या आठवड्यात कापडात पुन्हा पाव बांधून पाठवले. या वेळी कापडच आलं नाही. रिकामं आलं होतं तेव्हा मी रडले, आता येत नाही म्हणून जीव टांगणीला लागलाय. पार्सल पोचलंच नाही की काय? तू फेकून दिलंस? आईचं होतं ते, एफ्राइन, निदान ते तरी परत कर.

आज चर्चच्या अंगणात खांदेकऱ्यांची तालीम झाली. रिकाम्या पालखीवर दगडांची पोती ठेवतात आणि पुलापर्यंत जाऊन येतात. पालखी सोळा जणांची. तुझ्या जागी पंधरा जणांनी रिकामं अंतर ठेवलं. मेल्चोरचा मुलगा शेजारी हाताची घडी घालून उभा होता. "मी काय, तयार आहे," म्हणाला. "पण सातुर्निना म्हणते तिचा भाऊ येणार. मारान स्वतःहून चालत येतो होय? त्याला उचलून आणावा लागतो." सगळे हसले. मीसुद्धा हसले. न हसून सांगते कुणाला.

डावीकडे ती एक जागा रिकामी, त्यामुळे पालखी त्या बाजूला कलत होती. मला बघवेना.

घरी येऊन ठरवलं की तुला एक गोष्ट सांगायची. पहिल्या पत्रात मी लिहिलं की त्या मॅचच्या दिवशी मी भट्टीवर होते. नव्हते. कुस्कोला पाव विकायला जाते म्हणून बेनितोच्या ट्रकमधून गेले आणि बाजारातून थेट मैदानावर. टोपली घेऊन आत सोडलं मला. पण मी लांब होते, पूर्वेच्या बाजूला, तिथून चेहरेसुद्धा दिसत नव्हते. काय झालं ते मला नीट कळलंच नाही.

हे सांगून बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

स.

*

ओरोपेसा, ७ सप्टेंबर १९९६, शनिवार दुपार

एफ्राइन,

हे पत्र बेनितो तुझ्या हातात देईल. तुमचा संघ कुठल्या हॉटेलात उतरलाय ते त्याने शोधून काढलंय. त्याला सांगितलंय, दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं नाही, आणि उत्तरासाठी थांबायचं नाही.

मागच्या पत्रातही मी खोटं लिहिलं. मी पूर्वेला नव्हते. मी तुझ्या गोलच्या मागे होते. जाळीपासून सहा पावलांवर, टोपली डोक्यावरून उतरवून.

आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा खोटं लिहीन.

भट्टीमागचं अंगण आठवतं? एका बाजूला लाकडांचा ढीग, दुसऱ्या बाजूला भिंत, मध्ये आपला गोल. मी बारा वर्षांची, तू आठ. चुलतभाऊ चार आणि आपण दोघं. मी गोली. मी तुला शिकवलं होतं, "डोळे पुढच्यावर ठेव, मागचं मी बघते. मी 'नोकापाक' ओरडले की मान वळवायची नाही, विचार करायचा नाही, बॉल मागे द्यायचा. तो माझा." आणि तू द्यायचास. एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस. आपण कधी हरलो नाही.

त्या दिवशी सात मिनिटं उरली होती. मॅच बरोबरीत सुटली असती तरी आपला क्लब खालच्या गटात जाण्यापासून वाचत होता. डावीकडून तो उंच बॉल आला आणि तू एकटा, आपल्या गोलकडे तोंड करून धावत येत होतास, तुझ्या पाठीवर त्यांचा तो लांब ढांगांचा फॉरवर्ड. तुझा चेहरा मला दिसत होता. घाम, उघडं तोंड. तू आठ वर्षांचा असताना जसा यायचास तसाच. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. मी ठरवलं नव्हतं, एफ्राइन. आईशपथ. निघूनच गेलं.

"नोकापाक!"

तू वर उडी मारलीस आणि बॉल हळूच डोक्याने दिलास. मऊ, अगदी हातात ठेवावा तसा. तुमचा गोली दोन पावलं दुसऱ्या बाजूला होता. बॉल माझ्या समोरच्या जाळीत येऊन थांबला. माझ्याचकडे आला तो.

तू बॉलकडे पाहिलं नाहीस. जाळीतून आरपार बघत होतास. मी टोपली उचलली आणि गर्दीत शिरले.

दुसऱ्या दिवशी गोलीने पेपरात सांगितलं, "मी हाक दिलीच नव्हती. त्याने मागे का दिला ते त्यालाच विचारा." मग सगळे म्हणाले, हाक नव्हती तर विकलाच असणार. तू म्हणाला असतास की हाक ऐकली, तर? तू काहीच बोलला नाहीस. मॅचच्याच संध्याकाळी दारात गाव जमलं तेव्हा मला वाटलं, आता हा माझ्याकडे बोट दाखवणार. चोराच्या मनात चांदणं. म्हणून मीच आधी तोंड उघडलं. सगळ्यांसमोर तुला विचारलं, "खरं सांग, किती घेतलेस?"

तू माझ्याकडे पाहिलंस, पिशवी उचललीस आणि निघून गेलास.

पाच वर्षं मी रोज भट्टी पेटवते आणि रोज मला ते तुझं तोंड दिसतं. ताक्ना, इकितोस, काल्याओ, कुठल्याही मैदानावर तुला शिट्टी पडली की ती माझ्यामुळे. तुला ठाऊक आहे का की ती हाक माझी होती? की तू इतकी वर्षं समजतोयस की तुझे कान वाजले? मला माहीत नाही. दोन्हींपैकी जास्त वाईट काय तेही माहीत नाही.

उद्या तू आलास तर ठीक. हे वाचून येणार नाहीस, ते मला दिसतंय. आला नाहीस तर ज्याने पाव खाल्ला त्याने खांदा द्यायचा, रीत तशीच आहे. मी देईन.

सातुर्निना

*

ओरोपेसा, १० सप्टेंबर १९९६

एफ्राइन,

तू काल सकाळच्या विमानाने गेलास, आणि आज मी पुन्हा पत्र लिहायला बसले. सवय लागली म्हण. पण कारण आहे. काही गोष्टी तुला दिसल्या नाहीत, आणि एक तू गेल्यावर घडली.

आधी रविवारचं. मॅच मी रेडिओवर ऐकली, या वेळी खरोखरच. भट्टीत गावाचे दीडशे कुय, मसाला चोळलेले गिनीपिग, भाजायला लागले होते, मसाल्याचा वास सगळीकडे, आणि मी फळी हातात घेऊन रेडिओपाशी. शिट्ट्या इतक्या, की निवेदकाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मग तो म्हणाला, मारान खाली बसलाय, गुडघा धरलाय, स्ट्रेचर बोलावलंय. एकोणसाठावं मिनिट. माझे दोन कुय करपले.

पालखी निघायच्या आधी गावभर झालं. "लंगडा झाला म्हणे. आता काय, कारण मिळालं." हर्मेलिंदा नवी शाल पांघरून उभी होती. म्हणाली, "सातुर्निना, आता तरी मेल्चोरच्या मुलाला उभं करू या." मी जाकीट काढलं, स्कर्ट कमरेला खोचला आणि डाव्या दांड्याला, पुढून दुसऱ्या जागी जाऊन उभी राहिले. कुणीतरी म्हणालं, "बाई?" तायता फेर्मिन म्हणाले, "पाव तिने खाल्लाय. उचला."

एफ्राइन, मी रोज गोण्या उचलते. पण मातेचं वजन वेगळंच. दांडा खांद्याच्या हाडावर बसला. पुढचं काही दिसत नाही, नुसती समोरच्याची पाठ. पहिली गल्ली गेली, दुसरी गेली. मला वाटत होतं, हे माझ्याच पापाचं ओझं आहे, बरंच आहे. पुलापाशी चढ लागतो तिथे माझं पाऊल मागे घसरलं. मागचा ओरडला, "सातुर्निना, धर!" दांडा घसरत होता. डाव्या बाजूने पालखी कलली, लोक 'आई!' म्हणून ओरडले. मला कळून चुकलं की आता माता खाली येणार, आणि तीसुद्धा माझ्यामुळे.

आणि मागून आवाज आला, अगदी कानापाशी.

"नोकापाक!"

मी मान वळवली नाही. विचार केला नाही. दांडा मागे सोडून दिला. सोळा माणसांच्या डोक्यावर माता कललेली असताना मी हात काढून घेतला, आणि तो दांडा खाली आला नाही.

तू मागे होतास म्हणून माझं तोंड तुला दिसलं नाही. बरं झालं. बाजूला होऊन मी पाहिलं तर तू. लिमाच्या क्लबची घामेजलेली जर्सी, गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली, आणि दांड्याखाली, खांद्यावर घडी करून ठेवलेलं आईचं कापड. चर्चपर्यंत तू लंगडत गेलास. मी शेजारून चालत होते आणि म्हणत होते, "सोड, मेल्या, गुडघा जाईल." तू म्हणालास, "गेलाच आहे, पानाय. आता त्याला फिरवून तरी आणू दे."

पाच वर्षांनी तू मला बहीण म्हणालास, आणि मी तुला मेल्या म्हणत होते.

चर्चच्या पायरीवर बसल्यावर तू जे सांगितलंस, ते मी काल दिवसभर मनात घोळवत होते. "आमचा गोली त्रुहियोचा. त्याला आपल्या केचुआ बोलीचा एक शब्द येत नव्हता, 'नोकापाक' कुठून म्हणणार? मला काय कळलं नसेल कुणाची हाक ते? पण मान आधी ऐकते, डोकं मागून येतं." मग का बोलला नाहीस, मी विचारलं. तू मक्याच्या चिचाचा पेला खाली ठेवलास. "बोललो असतो तर तुझा एक पाव या गावाने घेतला नसता. मला काय, मी दुसऱ्या गावात खेळलो." आणि मग, "हाकेचा राग नव्हता. तू विचारलंस त्याचा होता. आणि पहिल्या पत्रात 'भट्टीवर होते' म्हणालीस त्याचा. म्हणून कापड रिकामं पाठवलं."

मी म्हटलं, मी सगळ्यांना सांगते. तू म्हणालास, "राहू दे. झालं ते झालं. माझं खेळणं संपलं, आता कोण शिट्ट्या मारणार?" आणि माझ्याकडून तसा शब्द घेतलास.

तो शब्द मी मोडला. पाव खाऊन दिला नव्हता, म्हणून चालतं.

काल दुपारी मानकऱ्यांच्या घरी सगळे जमले होते. तायता फेर्मिन एकेकाचे आभार मानत होते. तुझं नाव आलं तेव्हा मेल्चोर म्हणाला, "खांदा चांगला दिला हो. त्या वेळी काय केलं असेल ते असो." तेव्हा मी उठले. म्हणाले, "त्या वेळी मी गोलच्या मागे होते. हाक मी मारली. तो आयुष्यभर माझ्या हाकेला बॉल देत आला, त्या दिवशीही दिला. विकला कुणी नाही. आणि दारात उभं राहून त्याला विचारणारी मी खोटी होते." एवढंच. मला वाटलं होतं लांबलचक बोलावं लागेल.

काकू आत निघून गेली. तिची चादर आठवली असेल. हर्मेलिंदाने माझ्यासमोरचं ताट उचललं. तायता फेर्मिन तेवढे उठले आणि म्हणाले, "डावा दांडा, पुढून दुसरी. ती जागा तुपायाचींची."

आज पहाटे नेहमीसारखे पाव केले. पीठ छान वर आलं होतं. दुपार झाली तरी अर्धे पाव टोपलीतच आहेत. लोक समोरून जातात, डोळे चुकवतात. काही उद्या येतील, काही येणार नाहीत. हर्मेलिंदा नाही येणार हे नक्की. तिला पाव तसाही कधी पुरेसा गोड लागत नव्हता.

उरलेल्यांतले सहा आईच्या कापडात बांधून पाठवतेय. गुडघा डॉक्टरला दाखव. कापड रिकामं परत पाठवू नकोस.

सातुर्निना